फर्बाम या लोहयुक्त बुरशीनाशकाचे रसायन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधील मराठी वाचकांकडून फर्बामविषयी जे प्रश्न येतात ते साधारणपणे तीन बाजूंनी येतात. काही गच्चीवर किंवा अंगणात बाग करणाऱ्यांचे असतात, काही माळव्यात सोयाबीन आणि बटाटा पिकवणाऱ्या कुटुंबांचे, तर काही असेंद्रिय रसायनशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांचे. या सर्वांच्या मनात एक समजूत सारखीच आढळते, ती म्हणजे या औषधातील लोहच बुरशीला मारत असावे. ती समजूत का टिकत नाही, हे पुढील उत्तरांतून स्पष्ट होईल.

फर्बाम म्हणजे नेमके काय?

फर्बाम हे फेरिक लोह आणि डायमिथाइलडायथायोकार्बामेट हा सेंद्रिय ऋण आयन यांचे समन्वय संयुग आहे. प्रत्येक रेणूत लोहाचा एक अणू असतो आणि त्याला असे तीन ऋण आयन बांधलेले असतात, त्यामुळे फेरिक आयनाचा +३ प्रभार पूर्णपणे संतुलित होऊन रेणू उदासीन राहतो. रेणुभार सुमारे ४१६.५ आहे. वजनाच्या हिशेबाने पाहिले तर त्यात लोह केवळ १३.४ टक्के, तर गंधक ४६ टक्क्यांहून अधिक असते, म्हणून त्याला लोहाचे औषध म्हणण्यापेक्षा गंधकाचे औषध म्हणणे मला अधिक योग्य वाटते. ही काळी, हलकी भुकटी असून १८० अंश सेल्सिअसच्या पुढे ती वितळण्याऐवजी विघटित होते. पाण्यात ती फार थोडी, म्हणजे लिटरमागे सुमारे १३० मिलिग्रॅम, विरघळते. क्लोरोफॉर्म, ॲसिटोन आणि पिरिडीन यांत मात्र ती बऱ्यापैकी विरघळते, कारण रेणूच्या बाहेरच्या बाजूस मिथाइल गट असतात आणि प्रभार कोठेच उघडा राहत नाही.

हिराकस आणि फर्बाम एकच आहेत का? दोन्हींत लोह असते.

नाही. या दोहोंची गल्लत झाल्यास नुकसान होऊ शकते, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. ते पाण्यात सहज विरघळते आणि त्यातील लोह वनस्पतीला पोषणासाठी मिळते. माळव्याच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू अनेक ठिकाणी ७.५ च्या वर असतो आणि अशा जमिनीत लोह हायड्रॉक्साइडच्या रूपात अडकून पडते, त्यामुळे कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यावर हिराकशीची फवारणी करतात किंवा चेलेटयुक्त लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूने पकडीत धरलेले लोह, देतात. चेलेटांपैकी ईडीटीएचे संयुग अल्कधर्मी जमिनीत लवकर मोडते, तर ईडीडीएचएचे संयुग तेथेही टिकते. या दोन्ही चेलेटांत लोहाला नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू धरून ठेवतात आणि मुळांपाशी ते सोडून देतात, कारण तेच त्यांचे काम आहे.

फर्बाममध्ये लोहाला सहा गंधक अणूंनी वेढलेले असते आणि तो रेणू पोषणासाठी घडवलेला नाही. पाने पिवळी पडली म्हणून कोणी लोहयुक्त बुरशीनाशक वापरले, तर पिवळेपणा जाणार नाही आणि झाडावर विनाकारण एक जैवनाशक द्रव्य पडेल.

मग लोह बुरशीला मारत नाही, हे कशावरून?

याचा सर्वांत सरळ पुरावा तुलनेतून मिळतो. त्याच ऋण आयनाला लोहाऐवजी जस्त जोडले की झायरम तयार होते आणि तेही बुरशीनाशक आहे. धातू पूर्णपणे काढून टाकून दोन ऋण आयन गंधक-गंधक बंधाने एकमेकांना जोडले की थायरम तयार होते आणि तेही बुरशीनाशकच आहे. तिघांत समान असलेला भाग एकच, डायमिथाइलडायथायोकार्बामेट. उलट नुसते फेरिक क्लोराइड किंवा हिराकस फवारून सफरचंदावरील खवल्या रोग आटोक्यात येत नाही.

तरीही लोह अगदीच निरुपयोगी नाही. त्याच ऋण आयनाचे सोडियम लवण पाण्यात इतके विरघळते की पहिल्याच पावसात ते पानावरून धुऊन जाते. लोहामुळे रेणू उदासीन आणि अल्पविद्राव्य होतो, पानावर थर करून बसतो आणि दव किंवा पावसाच्या ओलाव्यात थोडा थोडा मोकळा होत राहतो. म्हणजे धातू येथे विषाचे प्रमाण आणि वेळ ठरवतो, विष स्वतः पुरवत नाही.

ऋण आयन बुरशीच्या पेशीत काय करतो?

या प्रश्नाचे उत्तर तांब्यापासून सुरू होते, हे अनेकांना अनपेक्षित वाटते. डायथायोकार्बामेट आयनाला तांब्याचे प्रचंड आकर्षण असते आणि पेशीच्या परिसरात तांबे अत्यल्प प्रमाणात का होईना असतेच. एका तांबे आयनाशी एकच डायथायोकार्बामेट जोडला गेला, तर प्रभारयुक्त संयुग तयार होते आणि एकाशी दोन जोडले गेले, तर उदासीन, जवळजवळ अविद्राव्य संयुग तयार होते. यांपैकी पहिले संयुग बुरशीला अत्यंत विषारी असते. पेशीतील ज्या विकरांचे कार्य गंधक-हायड्रोजन गटांवर किंवा धातूंवर अवलंबून असते, त्यांना ते निकामी करते आणि त्यामुळे शर्करेपासून ऊर्जा मिळवण्याच्या साखळीतील अनेक दुवे एकाच वेळी बिघडतात.

यातून एक विलक्षण परिणाम दिसतो. डायमिथाइलडायथायोकार्बामेटांची मात्रा वाढवत नेली तर बुरशीची वाढ प्रथम थांबते, मात्रा आणखी वाढवल्यावर ती काही प्रमाणात परत येते आणि त्याहूनही वाढवल्यावर पुन्हा थांबते. याचे दिले जाणारे स्पष्टीकरण असे आहे की कमी मात्रेत एकास-एक तांबे संयुग बनते, मधल्या मात्रेत सगळे तांबे निरुपद्रवी एकास-दोन संयुगात अडकते आणि उच्च मात्रेत मोकळा ऋण आयन स्वतःच पुरेसा विषारी ठरतो. औषध जितके जास्त तितका परिणाम जास्त, असे मानणाऱ्यांनी हा आलेख एकदा अवश्य पाहावा.

एकाच वेळी अनेक विकरांवर आघात होत असल्यामुळे या गटाविरुद्ध बुरशीत प्रतिकारशक्ती निर्माण होण्याचा धोका कमी असतो. बुरशीनाशकांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात डायथायोकार्बामेटांना बहुस्थानी क्रियेच्या ‘एम ०३’ या गटात ठेवले आहे. मात्र फर्बाम पानाच्या आत शिरून वाहत नाही. ते पृष्ठभागावर राहून बीजाणू रुजण्याआधी अडवते, त्यामुळे रोग पानाच्या आत पोहोचल्यानंतर फवारणी केल्यास त्याचा फारसा उपयोग होत नाही.

बटाट्यावर वापरले जाणारे मॅन्कोझेब याच कुळातले आहे ना?

कूळ एकच आहे, पण शाखा निराळी. मॅन्कोझेब आणि झायनेब ही एथिलीन-बिस-डायथायोकार्बामेटे आहेत आणि त्यांच्या नायट्रोजनवर एक हायड्रोजन शिल्लक असतो. फर्बाम, झायरम आणि थायरम यांच्या नायट्रोजनवर दोन मिथाइल गट असतात, हायड्रोजन मुळीच नसतो. एवढ्या एका हायड्रोजनमुळे सगळे रसायन बदलते. तो असेल तर रेणू मोडताना आयसोथायोसायनेट बनू शकते आणि ते पेशीतील प्रथिनांवर थेट हल्ला करते. तो नसेल तर हा मार्ग बंद होतो आणि वर सांगितलेला तांब्याचा मार्ग महत्त्वाचा ठरतो.

विघटनातून निर्माण होणाऱ्या काळजीच्या गोष्टीही वेगळ्या आहेत. मॅन्कोझेबपासून एथिलीनथायोयुरिया तयार होते आणि थायरॉइड ग्रंथीवरील परिणामांमुळे त्याच्या अवशेषांवर लक्ष ठेवले जाते. फर्बामपासून ते तयार होऊच शकत नाही. त्याऐवजी डायमिथाइलअमाइन निघते आणि आम्ल माध्यमात नायट्राइटशी संयोग झाल्यास त्यापासून नायट्रोसोडायमिथाइलअमाइन हे कर्करोगजनक द्रव्य बनू शकते.

हे संयुग प्रथम कोणी वापरले?

मूळ धागा रबर उद्योगातून येतो. रबराचे व्हल्कनीकरण, म्हणजे गंधकाने रबर मजबूत करण्याची क्रिया, जलद व्हावे यासाठी डायथायोकार्बामेटे आणि थायरमच्या गटातील थाययुरामे आधीपासून वापरात होती. ड्यूपाँट कंपनीतील टिस्डेल आणि विल्यम्स यांनी त्यांचे बुरशीनाशक गुण ओळखले आणि १९३४ मध्ये त्यांना अमेरिकी पेटंट मिळाले. फर्बाम १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘फर्मेट’ या नावाने बाजारात आले आणि सफरचंदावरील खवल्या व तांबेरा, पीचवरील पर्णगुच्छ आणि तंबाखूच्या रोपवाटिकेतील निळी बुरशी यांसाठी ते वापरले गेले. त्यापूर्वी मुख्य भिस्त गंधक आणि १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढे आलेल्या, मोरचूद आणि चुना यांच्या बोर्डो मिश्रणावर होती. ही दोन्ही द्रव्ये कोवळ्या पानांना आणि फळांच्या सालीला कधी कधी भाजतात, त्यामुळे नव्या सेंद्रिय बुरशीनाशकांचे बागायतदारांनी स्वागत केले. फर्बामची एकच तक्रार कायम राहिली, ती म्हणजे फळाफुलांवर उरणारा काळा डाग.

रंग इतका काळा का?

गंधकावरील इलेक्ट्रॉन लोहाकडे सरकवण्यास लागणारी ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या टप्प्यात येते, म्हणून जवळजवळ सर्व रंगांचा प्रकाश शोषला जातो. क्लोरोफॉर्ममध्ये अगदी विरल द्रावण केल्यास तोच पदार्थ तपकिरी दिसतो. झायरम पांढरे असते, कारण जस्ताचे आतील कवच पूर्ण भरलेले असल्याने इलेक्ट्रॉनला जाण्यास जागा नसते.

प्रयोगशाळेत ते कसे तयार होते?

तत्त्व सोपे आहे. डायमिथाइलअमाइन, कार्बन डायसल्फाइड आणि कॉस्टिक सोडा यांच्या अभिक्रियेने सोडियम डायमिथाइलडायथायोकार्बामेट मिळते आणि त्याच्या द्रावणात फेरिक लवणाचे द्रावण मिसळताच काळा साका खाली बसतो. तीन मोल सोडियम लवणाला एक मोल फेरिक क्लोराइड, असे प्रमाण असते.

दोन सूचना येथे आवश्यक आहेत. पहिली अशी की फेरिक आयन स्वतः ऑक्सिडीकारक आहे. तो जास्त झाला तर ऋण आयनांचे इलेक्ट्रॉन काढून घेऊन त्यांना थायरममध्ये बदलतो आणि स्वतः फेरस होतो, त्यामुळे उत्पादन अशुद्ध येते. म्हणून फेरिक द्रावण सावकाश आणि मोजून घालावे, तसेच ऋण आयन किंचित अधिक ठेवावा. दुसरी सूचना सुरक्षिततेची आहे. कार्बन डायसल्फाइडची वाफ सुमारे ९० ते १०० अंशांच्या गरम पृष्ठभागानेही पेट घेऊ शकते, ठिणगीचीही आवश्यकता नसते, त्यामुळे पदवीच्या वर्गात हा मार्ग टाळलेला बरा. सोडियम डायइथाइलडायथायोकार्बामेट तयार मिळते, ते तांब्याच्या परीक्षणासाठी प्रसिद्ध आहे आणि त्यापासून फर्बामचे इथाइल भावंड निर्धोकपणे तयार करता येते. पुढच्या उत्तरातील चुंबकीय गंमत त्यातही दिसते.

या संयुगाच्या चुंबकीय गुणधर्मांविषयी भौतिकशास्त्रज्ञांना एवढा रस का असतो?

शेतीशी काही संबंध नसलेला, पण माझ्या मते या संयुगाचा सर्वांत सुंदर भाग हा आहे. फेरिक आयनाच्या बाहेरील उपकवचात पाच इलेक्ट्रॉन असतात. भोवतालच्या लिगंडांचे, म्हणजे धातूला बांधलेल्या गटांचे, क्षेत्र दुर्बल असेल, तर पाचही इलेक्ट्रॉन एकेकटे राहतात आणि चुंबकीय आघूर्ण सुमारे ५.९ बोर मॅग्नेटॉन (आघूर्णाचे एकक) येते. क्षेत्र प्रबळ असेल, तर चार इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या होऊन एकच इलेक्ट्रॉन एकटा उरतो आणि आघूर्ण दोनच्या आसपास येते. बहुतेक संयुगे या दोहोंपैकी एका बाजूला ठामपणे उभी असतात. फेरिक डायथायोकार्बामेटांत मात्र क्षेत्राची तीव्रता नेमकी सीमारेषेवर येते.

इटलीतील रसायनशास्त्रज्ञ लाम्बेर्तो काम्बी आणि त्यांचे सहकारी झेगो यांनी १९३१ पासून या संयुगांची चुंबकीय मापने प्रसिद्ध केली. त्यांतील आघूर्णे दोन्ही टोकांच्या मधोमध येत होती आणि तापमानाबरोबर बदलत होती. आज ज्याला फिरकी-संक्रमण म्हणतात, त्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. संयुग थंड केले की एक इलेक्ट्रॉन एकटा असलेली, म्हणजे नीच फिरकीची, अवस्था वाढते आणि तापवले की पाच एकट्या इलेक्ट्रॉनांची, म्हणजे उच्च फिरकीची. नीच फिरकीच्या अवस्थेत लोह-गंधक अंतर सुमारे २.३ अँगस्ट्रॉम असते आणि उच्च फिरकीच्या अवस्थेत सुमारे २.४. म्हणजे उच्च फिरकीच्या अवस्थेत रेणू किंचित फुगतो आणि त्याच कारणाने दाब दिल्यास तोल नीच फिरकीकडे झुकतो. नायट्रोजनवरील गट बदलले तरी तोल ढळतो. पायरोलिडीनपासून बनलेले संयुग जवळजवळ पूर्णपणे उच्च फिरकीचे असते, तर मोठे, फांद्या असलेले गट नीच फिरकीला बळ देतात. लोहापासून इतक्या दूर केलेला बदल लोहाला जाणवतो, याचे कारण नायट्रोजनवरील इलेक्ट्रॉन युग्म कार्बनमार्गे गंधकापर्यंत पसरते.

इंदूरच्या विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. शहरातील यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संघाच्या केंद्रात लोहाच्या संयुगांसाठी लागणारी मॉसबाउअर वर्णपटमिती (लोहाच्या अणुकेंद्रकांनी शोषलेले गॅमा किरण मोजण्याचे तंत्र) उपलब्ध आहे आणि राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-२’ सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण शोषणाने धातू-गंधक अंतरे मोजता येतात. मॉसबाउअर वर्णपटात फर्बामच्या कुळातील संयुगांची एक खोड दिसते. दोन फिरकी अवस्थांतील अदलाबदल या तंत्राच्या कालमानापेक्षा वेगवान असल्याने दोन अवस्थांच्या दोन वेगळ्या रेषाजोड्या मिळण्याऐवजी सरासरीची एकच जोडी दिसते.

रेणूच्या आकाराविषयीही विचारले जाते. तीन लिगंड लोहाभोवती तीन पात्यांच्या पंख्यासारखे तिरके बसतात, म्हणून डावे आणि उजवे असे दोन परस्परप्रतिबिंब आकार संभवतात. प्रत्येक लिगंड लोहाबरोबर चार अणूंचे लहानसे कडे करतो आणि त्यातील गंधक-लोह-गंधक कोन ९० अंशांऐवजी सुमारे ७५ अंशांचा असतो, त्यामुळे सहा गंधक अणूंचा अष्टफलक नियमित न राहता पिळवटलेला दिसतो.

फर्बाम आणि बोर्डो मिश्रण एकत्र वापरता येते का?

येत नाही. मोरचुदातील तांबे लोहाला हुसकावून स्वतः डायथायोकार्बामेटाशी जोडले जाते आणि तांब्याचे अविद्राव्य तपकिरी संयुग बनते. चुन्यामुळे माध्यम अल्कधर्मी होऊन सुटलेले लोह हायड्रॉक्साइड म्हणून खाली बसते. दोन्ही औषधांची किंमत वाया जाते आणि पंपाची जाळी तुंबते ते वेगळेच.

भाजीपाल्यातील याचे अवशेष कसे मोजतात?

नमुना स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर तापवतात. आम्लात डायथायोकार्बामेट मोडून कार्बन डायसल्फाइड आणि अमाइन तयार होतात, आणि निघालेला कार्बन डायसल्फाइड रंगमापनाने किंवा वायुवर्णलेखनाने मोजतात. शुद्ध फर्बामच्या एका ग्रॅमपासून सिद्धांतानुसार सुमारे ०.५५ ग्रॅम कार्बन डायसल्फाइड मिळतो. ही पद्धत मजबूत आहे, पण आंधळी आहे. कार्बन डायसल्फाइड फर्बामपासून आला, मॅन्कोझेबपासून आला की थायरमपासून, हे तिला सांगता येत नाही, म्हणूनच अवशेषांच्या मर्यादा संपूर्ण गटासाठी कार्बन डायसल्फाइडच्या रूपात दिल्या जातात. कोबी, फ्लॉवर आणि मोहरीच्या कुळातील इतर भाज्यांत नैसर्गिक गंधकयुक्त द्रव्ये असल्यामुळे काहीही न फवारलेल्या कोबीतूनही थोडा कार्बन डायसल्फाइड निघू शकतो. अहवालावर अशी नोंद दिसली तर लगेच शेतकऱ्याला दोष देऊ नये.

भारतात फर्बाम विकत मिळते का?

नाही. केंद्र सरकारच्या यादीत फर्बामचा समावेश भारतात मागे घेतलेल्या कीडनाशकांत आहे. त्यामुळे इंदूरच्या खते-बियाण्यांच्या दुकानांत कोणी लोहयुक्त बुरशीनाशक म्हणून काळी भुकटी दाखवली, तर वेष्टनावरील नोंदणी क्रमांक आणि घटकांचे नाव वाचल्याशिवाय ती घेऊ नये.

मग सोयाबीनच्या बियाण्याला जे थायरम लावतात, त्याचा याच्याशी काय संबंध?

संबंध अगदी जवळचा आहे. फर्बाममधील दोन ऋण आयन ऑक्सिडीकरणाने जोडले की थायरम आणि थायरमचे क्षपण केले की पुन्हा तोच ऋण आयन. पेशीत शिरल्यावर दोघांचे कार्य त्यामुळेच बरेचसे सारखे आहे. इंदूरमध्ये सोयाबीनवरील राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ पासून आहे आणि माळव्यात थायरमचा परिचय मुख्यतः कार्बोक्सिन या दुसऱ्या बुरशीनाशकाबरोबरच्या बीजप्रक्रियेतून झालेला आहे. रायझोबियमसारखे जिवाणू संवर्धक वापरायचे असल्यास बुरशीनाशक आधी लावून, ते सुकल्यावर, पेरणीच्या अगदी आधी संवर्धक लावावे, कारण जो ऋण आयन बुरशीच्या विकरांना बिघडवतो तो जिवाणूंनाही मानवत नाही.

माणसाला ते किती घातक आहे?

एकदाच पोटात गेल्यास होणारी तीव्र विषबाधा इतर अनेक कीडनाशकांच्या तुलनेत कमी असते, परंतु भुकटीमुळे डोळे, नाक, घसा आणि त्वचा यांचा दाह होतो. अमेरिकेत कामाच्या जागेवरील हवेत तिची कायदेशीर मर्यादा घनमीटरमागे १५ मिलिग्रॅम ठरवलेली आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला तिसऱ्या गटात ठेवले आहे, म्हणजे मानवातील कर्करोगजनकतेबाबत वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही. हा निर्दोषत्वाचा दाखला समजू नये. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे थायरमचेच इथाइल भावंड आहे, म्हणून या गटातील औषधे हाताळल्यानंतर मद्यपान केल्यास चेहरा लाल होणे, मळमळणे आणि धडधडणे असा त्रास होऊ शकतो. मासे आणि इतर जलचर यांना फर्बाम फार विषारी आहे.

घरातील जुन्या सामानात फर्बामचा डबा सापडल्यास काय करावे?

डबा उघडून भुकटीचा वास घेऊ नये आणि ती जाळू तर मुळीच नये, कारण उष्णतेने कार्बन डायसल्फाइड तसेच गंधकाची आणि नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. आम्लयुक्त स्वच्छतागृह-क्लीनर आणि ही भुकटी एकत्र येऊ देऊ नयेत, त्याचे कारण अवशेष-मापनाच्या उत्तरात आलेच आहे. भुकटी मोरीत, नाल्यात किंवा कान्ह नदीत टाकू नये. डबा जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून त्यावर नाव लिहावे आणि महापालिकेच्या कचरागाडीतील घरगुती घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात, गाडीवरील कर्मचाऱ्याला आत काय आहे ते सांगून, द्यावा.